कोयनेचे पाणी : वीज की सिंचन?

प्रश्न : पावसाने ओढ दिली की कोयनेची वीजनिर्मिती कमी करून पाणी सांगलीकडे सोडावे, अशी मागणी होते. वीज तयार झाल्यावरही पाणी शिल्लक राहतेच. मग तेच पाणी पुढे शेतीला का देता येत नाही? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : बहुतेक धरणांच्या बाबतीत आपला तर्क बरोबर ठरला असता, कारण तेथे जनित्रातून बाहेर पडलेले पाणी त्याच नदीत किंवा कालव्यात जाते. कोयनेचे मुख्य पाणी मात्र सह्याद्री ओलांडून पश्चिमेकडे वळवले जाते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पावणेपाचशे मीटरांच्या आसपास खाली कोसळते. हे अवजल, म्हणजे वीज तयार करून बाहेर पडलेले पाणी, वाशिष्ठी नदीत व शेवटी समुद्रात जाते. त्यातील काही भाग कोकणात वापरला जातो, परंतु कृष्णा खोऱ्याच्या दृष्टीने ते कायमचे गेलेले असते.

धरणाच्या पायथ्याशी ४० मेगावॉटचे वीजगृह आहे आणि तेथून सुटणारे पाणी कोयना नदीतून कऱ्हाडला कृष्णेस मिळून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांपर्यंत पोहोचते. मग सगळी वीज तेथेच का करू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. ढोबळ हिशेब केला, तर १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाण्यापासून पश्चिमेकडे सुमारे ३ कोटी युनिट वीज मिळते, तर पायथ्याशी पाण्याला उंचीच कमी मिळत असल्याने ती जेमतेम अर्धा कोटी युनिट भरते. शिवाय धरणातील पातळी उतरते, तेव्हा ही उंची आणखी घटते. पश्चिमेकडे उंची मुळातच मोठी असल्याने तेवढ्याने फारसे बिघडत नाही.

कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडील वापरास वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी असली, तरी ते न भरलेल्या वर्षी हा सारा कोटा वापरण्याचा आग्रह धरला, तर पूर्वेकडे काय उरेल हे उघड आहे. पिण्याच्या पाण्याला प्राधान्य असल्यामुळे अशा वर्षी कपात विजेतच करावी लागते. ती सरसकट मात्र करू नये, असे आमचे मत आहे. कोयनेची जनित्रे काही मिनिटांत सुरू होतात आणि संध्याकाळची वाढलेली मागणी सांभाळणे हेच त्यांचे खरे मोल आहे. तेव्हा कात्री लावायची तर ती इतर वेळच्या निर्मितीला लावावी. शिवाय हा निर्णय ऑक्टोबरमध्ये, साठ्याचा अंदाज आल्याबरोबर व्हायला हवा. एप्रिलमध्ये, आवर्तनासाठी, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या फेरीसाठी, मोर्चे निघू लागल्यावर, वाटून घ्यायला फारसे काही उरलेले नसते.

प्रश्न : विजेतील ही तूट कोळशाच्या विजेने भरून काढली, तर पाण्याचा प्रश्न सुटेल ना? (तेच वाचक)

उत्तर : कृष्णा खोऱ्यापुरता काही अंशी सुटेल. परंतु औष्णिक केंद्रांनाही वाफेसाठी व थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि दुष्काळ एकाच खोऱ्यापुरता थांबतोच असे नाही. गोदावरी खोऱ्यातील परळी वैजनाथचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले होते.