फोनला अँटिव्हायरस घ्यावा का?

प्रश्न : सीताबर्डीत स्क्रीनगार्ड बसवायला गेलो, तर दुकानदार वर्षभराचा अँटिव्हायरसही गळ्यात मारू लागला. ‘कॉम्प्युटरला लागतो, मग मोबाइलला का नको?’ असं त्याचं म्हणणं. फोन अँड्रॉइड १३चा आहे. घ्यावा का?
– एक वाचक, महाल

उत्तर : पैसे वाचवा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपची खोली वेगळी असते आणि अँटिव्हायरस हेही एक ॲपच. बँकेच्या ॲपमध्ये त्याला डोकावता येत नाही. त्याला दिसतात ती बसवलेली ॲप आणि परवानगी दिलीत तर फाइली. त्या तो आधीच माहीत असलेल्या घातक ॲपशी ताडून पाहतो. हे काम गूगलचं प्ले प्रोटेक्ट फुकटात करतं. प्ले स्टोअर उघडा, वर तुमच्या फोटोवर बोट ठेवा, ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये जाऊन ‘स्कॅन’ करा. तरी समाधान होत नसेल, तर सी-डॅक या सरकारी संस्थेचं एम-कवच २ हे सुरक्षा ॲप मोफत आहे.

खरी गडबड व्हॉट्सॲपवर होते. ‘एमएच ३१’च्या गाडीवर दंड झाल्याचा मेसेज येतो, सोबत ‘चालान’ नावाची फाइल. लग्नसराईत तीच पत्रिका होऊन येते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते एसएमएसची परवानगी मागतं, कारण त्याला ओटीपी वाचायचा असतो. पुढची मागणी ॲक्सेसिबिलिटीची. ती मिळाली की ते स्क्रीन वाचतं, तुमच्या वतीने बटणंही दाबतं. अशा बाहेरून आलेल्या ॲपला अँड्रॉइड १३ ही परवानगी सहसा अडवतं. म्हणून भामटा फोन करून ‘तीन टिंबांवर जाऊन रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज अलाउ करा’ सांगतो. तिथेच कॉल कापा. काही ॲप या अडसरालाही वळसा घालतात, हेही खरं.

आज एवढं करा : सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा (जागा कंपनीगणिक बदलते) आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर यांच्यासमोरचं बटण बंद करा. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत अनोळखी नाव नको. सिक्युरिटी अपडेटची तारीखही बघा. कंपनीने अपडेट थांबवले असतील, तर फोनमधली भोकं कुठलाही अँटिव्हायरस बुजवत नाही.

फाइल बसवून झाली असेल तर एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद झालं ना ते पाहा. दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा; बऱ्याच फोनमध्ये ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात बाहेरची ॲप चालत नाहीत. आयकॉन लपवलेला असतो, म्हणून सेटिंग्जमधली ॲपची पूर्ण यादी चाळा. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल, तर ॲपने बहुधा ‘डिव्हाइस ॲडमिन’चा, म्हणजे फोनवर नियंत्रणाचा हक्क घेतलाय, आधी तो काढा. तरी हटत नसेल तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा करणं. पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरूनच बदला.

प्रश्न : आणि आयफोनला?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नको. तिथे एका ॲपला दुसरं ॲप तपासताच येत नाही. अँटिव्हायरसच्या नावाने मिळतं ते बहुतेक व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा), नाहीतर फसव्या वेबसाइट अडवणारी चाळणी. ‘तुमच्या आयफोनमध्ये व्हायरस’ असं ब्राउझरमध्ये झळकलं तर ती जाहिरात समजा, टॅब बंद करा.