शहरातल्या स्टार्टअप कम्युनिटीत शिरायचं कसं?

नवीन धंदा सुरू केलाय, शहरात कोणी ओळखीचं नाही, सुरुवात कुठून करू असं विचारलंय तुम्ही. मोठ्या कॉन्फरन्सच्या मागे लागू नका, तिथे कार्डं वाटून होतात आणि सोमवारी कोणाला कोणी आठवत नाही. एक छोटं मीटअप पकडा आणि सलग जात राहा, कारण तेच तेच चेहरे दिसायला लागले की मगच लोक मोकळं बोलतात, पेमेंट कुठे अडकलंय, अकाउंटंट कोणता चांगला, कोणता इन्व्हेस्टर नुसता टाइमपास करतो वगैरे.

स्टार्टअप वीकेंड होत असेल तर नक्की जा. शुक्रवारी संध्याकाळी आयडिया मांडायची, टीम जमवायची आणि रविवारी जजसमोर डेमो, एकूण 54 तास. जिंकणं राहू दे, रात्री उशिरा डेमो बंद पडल्यावर कोण शांतपणे लॅपटॉप उघडून बसतो आणि कोण गायब होतो ते तिथे दिसतं, को-फाउंडर शोधताय तर हे फार कामाचं आहे.

आणि प्लीज, पहिल्याच भेटीत फंडिंग मागू नका, आधी काहीतरी द्या. कोणाचं अ‍ॅप वापरून कुठे अडकलात ते स्क्रीनशॉटसकट पाठवा, नाहीतर मीटअपच्या रजिस्ट्रेशन टेबलापाशी मदतीला बसा, येणारा प्रत्येकजण तुम्हाला नाव सांगूनच आत जातो.

नव्या स्टार्टअपना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या टेकस्टार्स या अमेरिकन कंपनीचे को-फाउंडर ब्रॅड फेल्ड यांचं म्हणणं आहे की अशी कम्युनिटी उद्योजकांनीच चालवायला हवी, सरकार, युनिव्हर्सिटी, इन्व्हेस्टर हे मदतीला. मला ते शंभर टक्के पटतं. त्यामुळे तुमच्याकडे मीटअपच नसेल तर स्वतः सुरू करा, कोवर्किंगवाल्यांना विचारून बघा, संध्याकाळी त्यांची जागा बऱ्याचदा रिकामीच असते.