वाघ न दिसलेले तीन दिवस

प्रश्न : एप्रिलच्या सुट्टीत आम्ही मेळघाटला गेलो होतो. तीन दिवसांत पाच सफारी केल्या, तरी वाघ दिसला नाही. शेजाऱ्यांना मात्र ताडोबात पहिल्याच सकाळी दोन दिसले. मेळघाटात वाघ खरोखर उरले आहेत का, की तेथील संवर्धनच कमी पडते आहे?
— एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : मेळघाटात वाघ आहेत, ते दिसत नाहीत याचे कारण बरेचसे तेथील जमिनीत आहे. ताडोबाचे रान तुलनेने सपाट असून तेथे तलाव, तलावाकाठचे रस्ते आणि चितळांचे मोठे कळप आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यावर आलेला वाघ पर्यटकांच्या सहज दृष्टीस पडतो. मेळघाट हा नावाप्रमाणेच घाटांचा मेळ आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील या सागवानी जंगलातून सिपना, गडगा, डोलार, खंडू आणि खापरा या नद्या खोल दऱ्या कापत तापीकडे जातात. उन्हाळ्यात त्यांचे पाणी डोहांपुरते उरते, आणि यांतील कितीतरी डोह जीपच्या रस्त्यापासून दूर दरीच्या तळाशी असतात. वाघाची मोजणी पर्यटकांच्या नजरेवर चालत नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असल्याने स्वयंचलित कॅमेऱ्यांतील छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखला जातो.

संवर्धनाविषयी म्हणाल, तर १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पुढे गाभा क्षेत्रातील काही गावांचे पुनर्वसन झाले. बोरी, कोहा आणि कुंड ही त्यांतील सुरुवातीची. जेथे शेते होती तेथे गवत वाढले आणि सांबर, गवा यांना चराई मिळाली. वाघाच्या दृष्टीने हे लाभाचेच झाले. तरीही त्याची किंमत प्रामुख्याने कोरकू कुटुंबांनी मोजली आहे, आणि नव्या जागी त्यांना जमीन, पाणी व रोजगार कसा मिळाला हे पाहिल्याशिवाय या कामाला यशस्वी म्हणणे मला अपुरे वाटते.

आपल्या पत्रात पक्ष्यांचा उल्लेख नाही, याचे थोडे वाईट वाटले. १८८४ नंतर नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि त्यानंतर मेळघाटातही आढळला. हे लहानसे घुबड दिवसाही वावरते आणि पानगळ झालेल्या झाडाच्या फांदीवर उघड बसते, त्यामुळे वाघाच्या शोधात पुढे धावणाऱ्या जीपमधून ते नेमके मागे राहते. २०१४ मध्ये त्याची नोंद तानसा अभयारण्यात झाली. ज्या तलावाचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते, त्याच्याच भोवतीचे हे जंगल मुलुंडहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे आहे.