गॅलरीतली सायकल कामावर निघते तेव्हा

सायकलने कामावर जाण्याविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उरलेल्या पत्रांतील शंकाही बहुतांशी याच मुद्द्यांभोवतीच्या आहेत, तेव्हा त्या वाचकांनीही ही उत्तरे आपल्यासाठीच समजावीत.

प्रश्न : मी मुलुंडला राहतो आणि विक्रोळीला एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतो. लोकलच्या गर्दीला कंटाळून सायकलने जाण्याचे मनावर घेतले आहे. सहा वर्षांपूर्वी व्यायामासाठी घेतलेली २६ इंची गिअरची सायकल गॅलरीत पडून आहे. तिला जाड खाचांचे टायर आणि पुढे शॉकअप आहे. मडगार्ड आणि कॅरिअर मात्र नाही. दुकानदार नवी, हलकी सायकल घ्या म्हणतो. काय करावे? — एक वाचक, मुलुंड (पश्चिम)

उत्तर : नवी सायकल घेऊ नये. मुलुंड ते विक्रोळी हे अंतर आठ-नऊ किलोमीटरांचे आहे, लालबहादूर शास्त्री मार्गावर म्हणावा असा चढ नाही, आणि भांडुप-कांजूरच्या सिग्नलांवर दर थोड्या वेळाने थांबावेच लागत असल्यामुळे दोन-तीन किलो हलकी सायकल आपल्याला जेमतेम दोन-चार मिनिटे आधी पोहोचवील. माझ्या मते कामावर जायच्या सायकलची कसोटी एकच : सकाळी कुलूप काढले की ती निघाली पाहिजे. दिवा कुठे ठेवला ते शोधायचे, पिशवी दोरीने बांधायची, रात्री पाऊस झाला म्हणून आज नको म्हणायचे, असे चार दिवस गेले की पाचव्या दिवशी माणूस पुन्हा फलाटावर उभा असतो. म्हणून जे जे रोज लागते ते सायकलवर कायमचे बसवून टाकावे. दुकानात मडगार्ड आणि कॅरिअर काढून ‘स्पोर्टी’ म्हणून विकली जाणारी सायकल रविवारच्या फेरीला ठीक आहे. पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन हिशेब विभागात बसता येत नाही.

आधी सायकल कारागिराकडे नेऊन तिचे पूर्ण ओव्हरहॉलिंग करून घ्यावे. सहा वर्षांत चाकांच्या हबमधले आणि पायडलच्या मधल्या आसातले ग्रीस सुकून घट्ट झालेले असते. छर्रे काढून घासलेटने धुऊन नवे ग्रीस भरले, ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी आवरणासकट बदलल्या, कडक झालेली ब्रेक रबरे बदलली आणि चाकांचे आउट काढले (म्हणजे वाकडे फिरणारे चाक आऱ्या कसून सरळ केले), की निम्मे काम झाले. फ्रेमच्या जोडांपाशी, विशेषतः हँडलखालच्या नळीजवळ, रंगाला तडा गेलेला दिसला तर मात्र तिथे नीट निरखून पाहावे. तडा धातूपर्यंत गेला असेल तरच ती सायकल सोडून द्यावी.

त्यानंतरचा पहिला खर्च टायरांवर. खाचांचे टायर डांबरावर गुंगुं आवाज करतात. तो आवाज म्हणजे आपल्या पायांतली ताकद रबराचे गड्डे वाकवण्यात वाया जात असल्याची खूण आहे. त्यांच्या जागी दीड ते पावणेदोन इंच रुंदीचे, जवळपास गुळगुळीत टायर घालावेत. याहून अरुंद टायर आपल्याकडे नको, कारण पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटारावरच्या जाळ्यांच्या आडव्या-उभ्या पट्ट्या अरुंद टायर गिळतात. नवे टायर घेताना जुन्या टायरच्या कडेवरचा पूर्ण आकडा लिहून न्यावा. ‘२६ इंच’ या एका नावाखाली वेगवेगळ्या मापांचे टायर मिळतात. गिअरच्या अशा सायकलींच्या टायरवर बहुधा ५५९ हा आकडा असतो, आणि तो जुळला नाही तर टायर रिमवर बसतच नाही. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घ्यावी, म्हणजे रस्त्यावरच्या कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाने अशा टायरांत ५० पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी, वजनाचा भार मागे अधिक असल्याने मागच्या चाकात थोडी जास्त. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये. घरी काटा असलेला उभा पंप ठेवून दर रविवारी हवा तपासली, तर पंक्चरही कमी होतात, कारण कमी हवेचे टायर खड्ड्याच्या काठावर चेपून ट्यूब रिमशी चिमटली जाते.

दुसरा खर्च मडगार्डांचा. सीटखाली खुंटीसारखे अडकवायचे प्लॅस्टिकचे पाते घेऊ नये. चाकाला कवेत घेणारे, दोन्ही बाजूंना तारेच्या आधाराने बसणारे लांब मडगार्ड घ्यावे. पुढच्या मडगार्डाच्या टोकाला रबराची एक पट्टी लावावी, ती जमिनीपासून चार बोटे वर यावी. माझ्या सायकलवरची पट्टी जुन्या रबरी पायपुसण्याची आहे. तापवलेल्या खिळ्याने दोन भोके पाडून दोन लहान बोल्टांनी ती बसवली आहे. एवढ्याशा तुकड्याने बूट कोरडे राहतात. पुढच्या चाकाने उडवलेली वाळू सरळ चेनवर पडत नाही हा त्याहून मोठा फायदा.

तिसरा खर्च कॅरिअरचा. डबा, पाण्याची बाटली, कागद आणि कपड्यांचा एक जोड पाठीवर घेतला, तर मुंबईच्या दमट हवेत पाठ भिजतेच, शिवाय खांदे आणि मनगटे दुखतात. कॅरिअरच्या एका बाजूला अडकवायची पिशवी पुरेशी असते. मागच्या चाकाजवळ फ्रेमला बोल्टाची भोके नसतील तर क्लॅम्प लावून कॅरिअर बसते. बोल्टांना नायलॉनचे कडे असलेले नट वापरावेत. मी पहिल्या वर्षी साधे नट लावले होते. घाटकोपरजवळ खालचा बोल्ट गळून पडला, कॅरिअर तिरके होऊन पिशवी आऱ्यांना घासू लागली आणि बुटाच्या नाडीने ते बांधून मला उरलेला रस्ता हळूहळू काटावा लागला. तेव्हापासून महिन्यातून एकदा सगळ्या बोल्टांवरून पाना फिरवतो.

शॉकअप आहे तसा राहू द्यावा. स्वस्त शॉकअपचे वजन दोन किलोहून अधिक असते आणि पावसाळ्यांत तो आतून गंजत जातो, पण तो चालतो आहे तोवर बदलण्यात पैसे घालू नयेत. कधी जाम झालाच तर त्याच उंचीचा साधा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा बिनस्प्रिंगचा चिमटा, बसवावा.

शेवटचे काम फुकटचे आहे. सीटची उंची ठरवताना भिंतीला धरून सायकलवर बसावे आणि पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून बहुतेक लोक सीट खूप खाली ठेवतात आणि पंधरा दिवसांत गुडघे धरले की दोष सायकलला देतात.

प्रश्न : मी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि वडाळ्याला राहते. दुपारची पाळी संपून निघायला रात्रीचे साडेनऊ होतात. घरी माझी कॉलेजातली सायकल आहे, आडवी नळी नसलेली, पुढे टोपली असलेली. सलवार-कमीज घालून, रात्रीच्या रहदारीत ती चालवणे सुरक्षित आहे का? — एक वाचक, वडाळा

उत्तर : ताई, आडवी नळी नसलेली फ्रेम ही आपल्या कामासाठी फार सोयीची आहे. मागे पिशवी असताना पाय मागून फिरवून उतरावे लागत नाही आणि सिग्नलला पटकन खाली उतरता येते. ती बदलू नका.

ओढणीचे आधी पाहू या, कारण धोका तिथे सर्वांत जास्त आहे. ओढणी मागच्या चाकात गेली तर चाक जागच्या जागी थांबते आणि गळ्याला फास बसतो. ओढणी पिशवीत ठेवून निघावे हे उत्तम. ते शक्य नसेल तर कमरेला घट्ट बांधावी. त्याखेरीज मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी जाळी किंवा पत्रा बसवून घ्यावा आणि चेनवर पूर्ण चेनकव्हर असावे. जुन्या पद्धतीच्या लेडीज सायकलींना या दोन्ही गोष्टी कारखान्यातूनच येत असत, त्यामुळे साध्या सायकलींची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे त्या अजूनही मिळतात.

दिव्यांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : मागे दोन लाल दिवे हवेत, त्यांतला एक स्थिर जळणारा. नुसता लुकलुकणारा दिवा दिसतो खरा, पण तो किती अंतरावर आहे याचा अंदाज मागच्या चालकाला येत नाही. एक दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला कायमचा बसवावा. सीटच्या नळीवरचा दिवा पिशवीआड जातो. पुढचा पांढरा दिवा थोडा खाली झुकवून लावावा. आपल्या रस्त्यावर खांबांवरचे दिवे आहेत, तरी उड्डाणपुलाखाली आणि दाट झाडांखाली खड्डे दिसत नाहीत, तिथे त्याचा उपयोग होतो. यूएसबीवर चार्ज होणारे दिवे घेतले तर ते रुग्णालयातच चार्ज करता येतील. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तुटले असतील तर जरूर बदलून घ्या. ते वरखाली हलत असल्यामुळे समोर सायकल आहे हे मागच्या चालकाला लगेच उमगते.

उभ्या मोटारींपासून हातभर नव्हे, चांगले मीटरभर अंतर ठेवून चालावे, कारण दार कधीही उघडते. बेस्टची बस थांब्यावर येत असेल तर बस आणि पदपथ यांच्या मधल्या फटीत कधीही शिरू नये, मागे थांबावे. हेल्मेट सायकलसाठीचेच, ईएन १०७८ हा (सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकाचा) शिक्का असलेले घ्यावे, आणि एकदा आपटले की वरून धड दिसले तरी ते टाकून द्यावे.

प्रश्न : वय ५८, गुडघे कुरकुरतात. पवईच्या बाजूने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा चढ आहे. बॅटरीची सायकल घ्यावी का? परवाना लागतो का? — एक वाचक, पवई

उत्तर : अवश्य घ्यावी. मोटर २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नोंदणी किंवा परवाना लागत नाही. बॅटरी काढून घरात चार्ज करता येईल अशीच पाहावी आणि मडगार्ड, कॅरिअर, दिवे यांविषयी वर लिहिलेले सारे तिलाही लागू धरावे. मात्र अशी सायकल वीस किलोंच्या घरात जाते. इमारतीला लिफ्ट नसेल तर ती तळमजल्यावर ठेवण्याची सोय आधी करून ठेवावी. फ्रेम आणि मागचे चाक दोन्ही एकत्र अडकतील असे यू आकाराचे कुलूप वापरावे, आणि ते जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला किंवा गजालाच घालावे.

प्रश्न : माहीमला समुद्राजवळ राहतो, रोज फोर्टला सायकलने जातो. पहिल्या पावसाळ्यातच चेन लाल झाली, ब्रेक लागेनासे झाले आणि सीटची नळी अशी जाम झाली की हलेना. पावसाळ्यात सायकल बंद ठेवणे हाच उपाय आहे का? — एक वाचक, माहीम

उत्तर : बंद ठेवण्याची गरज नाही, पण समुद्राकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत सायकलला रोज पाच मिनिटे द्यावी लागतील. घरी आल्यावर जुन्या बनियनच्या फडक्यात चेन धरून पायडल उलटे फिरवावे, चेन कोरडी होईपर्यंत. आठवड्यातून एकदा, आणि मुसळधार पावसात भिजल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रत्येक कडीच्या सांध्यावर ओल्या हवेसाठीच्या चेन-तेलाचा एकेक थेंब टाकून वरचे तेल पुसून घ्यावे. तेल कडीच्या आत हवे. बाहेर राहिलेल्या तेलावर वाळू चिकटते आणि ती कानसीसारखी चेन झिजवते. म्हणूनच मोटारीचे जळके ऑइल वापरू नये. चेन किती झिजली हे फूटपट्टीने कळते : एका पिनच्या मध्यापासून मोजले असता नव्या चेनची तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकली की चेन बदलावी. आठव्या भागापर्यंत थांबलात तर मागचे दातेही बदलण्याचा खर्च पडतो.

ब्रेक ओल्या रिमवर उशिरा पकडतात. जुन्या काळ्या सायकलींच्या चकचकीत पोलादी रिमवर तर पावसात ते जवळपास लागतच नाहीत. आपल्या सायकलला तशा रिम असतील तर ॲल्युमिनियमच्या बसवून घ्याव्यात. थांबण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे, मग जोर द्यावा. ब्रेक रबरात वाळूचे किंवा धातूचे कण रुतलेले असतात, ते आठवड्याला टाचणीने उकरून काढावेत. पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेले तेल वर येते, म्हणून त्या दिवशी झेब्रा पट्टे, मॅनहोलची झाकणे आणि खोदकामावरचे लोखंडी पत्रे यांवर वळू नये आणि ब्रेकही लावू नये. सरळ पार व्हावे.

जाम झालेल्या नळीचे कारण असे, की ॲल्युमिनियमची नळी आणि पोलादी फ्रेम यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की दोन्ही धातू एकमेकांना धरून गंजतात. सांध्यावर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवून कारागिराकडून ती काढून घ्यावी, हातोडी घालू नये. पुन्हा बसवताना ग्रीस लावावे आणि दर दोन महिन्यांनी नळी काढून पुसून घ्यावी. पायडलच्या आट्यांनाही ग्रीस लावावे.

हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला पाणी तुंबले असेल तर मात्र सायकल पाण्यात घालू नये. उघडे मॅनहोल दिसत नाही, आणि पायावर जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. नाइलाजाने पाण्यातून यावेच लागले, आणि पाणी चाकाच्या आसाच्या वर होते, तर त्या आठवड्यातच दोन्ही हब आणि मधला आस उघडून ग्रीस बदलून घ्यावे. बाहेरून सायकल कितीही स्वच्छ धुतली तरी आत शिरलेले ते गढूळ पाणी तसेच राहते, आणि दिवाळीच्या सुमारास छर्रे खरखरू लागतात.