बॅटरी घ्यायच्या आधी अर्थिंग बघ

भावा, जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपला किल्ली फिरवली की नुसतं टकटक होतंय म्हणून लगेच नवीन बॅटरी आणू नकोस. आधी मल्टिमीटर लाव, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी चार्ज आहे. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धर आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांग, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-चासीशी असलेली जोडणी, गेलंय समज. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं ना, त्यामुळे चासीशी (गाडीच्या सांगाड्याशी) करंटसाठी जोडायला तारांची विणलेली अर्थिंगची पट्टीच असते, आणि चिखलपाण्यात गंज धरतो तो नेमका तिच्या बोल्टखाली, वरून एकदम छान दिसतं! बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, पट्टी खोल, पॉलिश पेपरने चकचकीत घास, घट्ट आवळ, वरून ग्रीस लाव.

आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून तिथे तार कधीच घालू नको रे, वायरिंग पेटतं. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला पाहिजेत, नाही आले तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) खोलायच्या आधी इंजिन बंद करून त्याचा बेल्ट ढिला आहे का ते दाबून बघ.