सेवाकार्याचा आढावा : वाचकांचे प्रश्न

मार्च आला की चर्चच्या मंडळ्यांमध्ये वार्षिक अहवालाची धांदल उडते आणि तेच ते प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. नावं-गावं गाळून काहींची उत्तरं इथेच देतो.

पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) कामाचा आढावा कधी घ्यावा? आमच्याकडे बदलीची चर्चा निघाली की घेतात.

वर्षातून एकदा, बदलीचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी. बदलीच्या तोंडावर घेतलेला आढावा म्हणजे आरोपपत्रच.

आढावा समितीत कोण असावं?

चार-पाच माणसं पुरेत. त्यात निदान दोन बाया आणि एखादा पंचविशीच्या आतला असावा. पाळकांचे सोयरे नकोत, आणि त्यांच्याशी बोलणं टाकलेलेही नकोत. छोट्या गावात दोन्ही नसलेली माणसं सापडणं कठीण, ठाऊक आहे. मग शेजारच्या मंडळीतून कोणी वडीलधारं बोलवा. त्याआधी तुमच्या डायोसिसची, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताची, घटना वाचा आणि बिशप कार्यालयाला विचारा.

पाच वर्षांपूर्वी रविवारच्या उपासनेला 180 माणसं असत, आता 110 येतात. बाप्तिस्मेही घटले. पाळक बदलावेत असं बहुतेकांचं म्हणणं आहे. तुमचा सल्ला?

ही 70 माणसं गेली कुठे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोणी त्यांच्या घरी जाऊन विचारलंच नसणार. मंडळीची नोंदवही उघडा आणि एकेक नाव घ्या. कोणी नोकरीसाठी पुण्या-पिंपरीला गेलं, कोणी वारलं, कोणी पलीकडच्या गल्लीतल्या नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागटात, बसतं, कोणी कब्रस्तानाच्या जागेवरून रुसून घरी बसलंय, कोणी मोबाइलवर संदेश ऐकून समाधान मानतं. पाच कारणं, पाच वेगळे उपाय. त्यातल्या पहिल्या दोन्हींत पाळकांचा काय दोष? तिसऱ्यात असू शकेल. पण 110 हा आकडा त्यातलं काहीच सांगत नाही.

डोकी मोजण्याचा हा सोस जुना आहे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले आणि 1826 साली पटकीने वारले. एवढ्या वर्षांत बाप्तिस्मे झाले ते बोटांवर मोजण्याइतके. तुमच्या कमिटीने त्यांना केव्हाच बोटीत बसवलं असतं. पण त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनने या काळात शाळा काढल्या, 1824 साली मुंबईत मुलींची शाळा सुरू केली, आणि हॉल गेले त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता उलट बाजू. गेल्या शतकाच्या सुरुवातीला देशात ठिकठिकाणी वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती होत होत्या. वास्कम पिकेट या मेथडिस्ट मिशनऱ्याने त्या चळवळींचा मोठा अभ्यास केला, तो 1933 साली प्रसिद्ध झाला. लोक कोणत्या हेतूने आले यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर त्यांना शिकवण आणि सांभाळ किती मिळाला याला त्यात जास्त महत्त्व दिसलं. त्याच अभ्यासातून प्रेरणा घेऊन ‘मंडळीवाढी’चा विचार मांडणारे डोनाल्ड मॅकगॅव्हरन तर आपल्या शेजारचेच, जन्म दमोहचा. ही माणसं आकडे घेत होती, पण ‘हे का घडलं’ हे शोधण्यासाठी. आपण आकडा ठेवला आणि प्रश्न सोडून दिला.

म्हणून हे विचारा. तीन वर्षांपूर्वी दृढीकरण (विश्वास जाहीर कबूल करण्याचा विधी) झालेल्यांपैकी आज प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, किती येतात? अंथरुणाला खिळलेल्यांकडे शेवटचं कोण गेलं होतं? पाळक नसले तर उपासना कोण चालवतं? ज्याचं दुकान बुडालं त्याच्या दारात मंडळीतलं कोण उभं राहिलं? उत्तरं फॉर्मवर मागवू नका, भेटून घ्या. आणि पाळकांकडे किती गावं आहेत, पेट्रोलला पैसे मिळतात का, पगार कधी झाला, हेही लिहा. तीन-तीन महिने पगार थकवणाऱ्या कमिटीने आधी स्वतःचा आढावा घ्यावा. एवढं झालं की पास्टोरेटबाहेरच्या (तुमच्या पाळकांच्या विभागाबाहेरच्या) एखाद्या ज्येष्ठ पाळकांना बोलावून सगळं त्यांच्यापुढे ठेवा. तोवर बदलीचा ठराव करू नका.

एक संस्था 15,000 रुपयांत ‘मंडळी दुप्पट करा’ कार्यशाळा घेते आणि सोबत पाळकांना मानद डॉक्टरेट देते. घ्यावी का?

नाही. पैसे मोजून मिळणारा मान कसला? पाळकांना खरोखर शिकायचं असेल तर बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी (धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी) संलग्न कॉलेजात चौकशी करा. पदवी देण्याचा अधिकार सेरामपूरला 1827 साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला आहे. त्या 15,000 मध्ये पाळकांची बरीच पुस्तकं येतील.

चर्चला ऑडिट लागत नाही असं एका जाणकारांनी सांगितलं. खरं आहे का?

या जाणकारांनी बऱ्याच मंडळ्यांना अडचणीत आणलंय. ट्रस्ट 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला असेल तर हिशेब तपासून घ्यावे लागतात. काही छोट्या ट्रस्टना सूट मिळते, पण ती तुम्हाला आहे का हे सीए सांगेल, जाणकार नव्हे. विश्वस्त बदलले असतील तर 90 दिवसांत बदल अर्ज द्या. परदेशातून देणगी येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, वेगळा : 2020 च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आहे. तेही सीएला विचारा, 31 मार्चची वाट न पाहता.

शब्बाथ शाळेतल्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातल्या) एका शिक्षकाच्या वागण्याबद्दल एका आईने तक्रार केली आहे. मुलगी आठ वर्षांची. बदनामी नको म्हणून कमिटी आधी आपसात चौकशी करणार आहे. अहवालात याचा उल्लेख करावा का?

अहवाल बाजूला ठेवा. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी, कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. आपसातली चौकशी त्याची जागा घेत नाही. मुलीला कमिटीपुढे बसवून प्रश्न विचारू नका. शिक्षकाला वर्गापासून लगेच दूर करा, 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करा, वकिलांशी बोला. तुमच्या पत्रावर गेल्या महिन्याची तारीख आहे. त्या आईसोबत पाळकबाईंना घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा.