सुंगटांच्या साली, मध आणि सासूबाईंची कवळी

प्रश्न: डॉक्टर, माझ्या सासूबाईंना वरची पूर्ण कवळी आहे, शुगरही आहे. टाळू लालभडक झालाय, पण दुखत नाही म्हणतात. डेंटिस्टनी बुरशी सांगितली नि लावायला औषध दिलं. आता दिराने व्हॉट्सॲपवर पाठवलंय की सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सालींच्या अर्काने तोंडातली बुरशी जाते. साली काय, आमच्याकडे दर रविवारी असतातच. उन्हात वाळवून पूड करून कवळी घासली तर चालेल का? नाहीतर मध लावू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, पूड अजिबात नको. दिराचा मेसेज अगदीच थाप नाही, पण मधलं सगळं गाळून पुढे आलाय. सालीत असतं कायटिन आणि बुरशीला नडतं ते कायटोसान, आणि एकाचं दुसरं करायचं तर साली ॲसिडमध्ये ठेवून त्यातला चुना काढायचा, अल्कलीने प्रोटीन काढायचं, नि मग कडक कॉस्टिक सोड्यात तापवायचं, हे काही घरच्या गॅसवर करायचं काम नव्हे. उन्हात कितीही वाळवा, कायटिन ते कायटिनच. वर ती पूड खरखरीत, कवळीच्या ॲक्रिलिकवर बारीक ओरखडे पाडणार, आणि बुरशीला दडून बसायला असे ओरखडे म्हणजे आयतीच जागा.

तोंडातली ही बुरशी म्हणजे कँडिडा, ती बऱ्याच निरोगी तोंडांतही असते, गप्प असते. कवळी रात्रंदिवस तोंडात, खाली लाळ फिरत नाही, त्यात शुगर वाढलेली, की तिच्या गोल पेशींना लांब तंतू फुटतात आणि चिकट थर जमतो. पावसात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं ना, तसं, नुसतं पाणी ओतून जात नाही. औषधसुद्धा या थरात नीट शिरत नाही.

कायटोसानवर धन चार्ज असतो, बुरशीच्या पेशीवर ऋण, म्हणून ते तिला चिकटतं नि तिचं आवरण फाडतं. मधमाश्या झाडांचा चीक गोळा करून प्रोपोलिस करतात, त्याचा अल्कोहोलमधला अर्कही लॅबमध्ये कँडिडाला रोखतो, पण झाडं बदलली की त्यातला माल बदलतो, आणि काहींना त्याने ॲलर्जी होऊन तोंड सोलवटतं. मला स्वतःला गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन हे प्रोटीन जास्त आवडतं, ते बुरशीला लागणारं लोहच पळवतं! (म्हणून दुधाच्या गुळण्या सुरू करू नका हं.) पण थर जमू न देणं सोपं, जमलेला काढणं कठीण, हे या सगळ्यांना लागू. मध तर नकोच, लाळेत पातळ झाला की उरते साखर, आणि शुगरवाल्या माणसाला रोज ती कशाला?

तुम्ही एवढं करा, कवळी रात्री काढायचीच, मऊ ब्रश नि साध्या साबणाने आतली बाजू, म्हणजे टाळूला लागते ती, नीट घासायची, टूथपेस्ट नको कारण तीही ओरखडते, मग साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या नाही, वाकडी होईल. टाळूवरूनही मऊ ब्रश फिरवा. दिलेलं औषध सांगितलंय तितके दिवस पूर्ण करा, लाली गेली म्हणून मध्येच सोडू नका, आणि शुगर तपासून घ्या. सासूबाई दम्याचा स्टेरॉइड पंप घेत असतील तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरायची. कवळी सैल झाली असेल तर ती बसवून घ्यावी लागेल, नाहीतर घासत राहते. औषध संपूनही टाळू लालच राहिला तर त्याच डेंटिस्टना दाखवा किंवा बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात घेऊन जा, आणि जाताना कवळी तोंडात नाहीतर डबीत, पण बरोबर न्या, बरेच जण ती घरीच विसरून येतात.